शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता, कुठल्या गेटपाशी? विभक्त आई-बाबांनी मुलांचा वेळ वाटून घेताना

आमच्या घटस्फोटाच्या सहमतीच्या अटींत (दोघांनी ठरवून कोर्टात दिलेल्या) सुरुवातीला एक वाक्य होतं : "वडिलांना मुलीस परस्परांच्या सोयीने भेटता येईल." सही करताना दोघांनाही ते फार समंजस वाटलं. बाकी सगळ्यावरून भांडलो, निदान इथे तरी शहाण्यासारखे वागलो! पुढचे अकरा महिने आम्ही त्याच वाक्यावरून भांडलो. सोय कोणाची, ती किती दिवस आधी कळवायची, कळवून समोरच्याने उत्तरच दिलं नाही तर काय, यातलं काहीच त्यात नव्हतं. दर शुक्रवारी नव्याने सौदा.

लेक तेव्हा पाच वर्षांची होती, आता बारा. तिची आई पुण्यात सिंहगड रोडला राहते, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, पिंपळे सौदागरला. मी वकील नाही. पण फॅमिली कोर्टाच्या बाकांवर बसून, इतर आई-बाबांशी बोलून आणि स्वतः ठेचकाळून एक गोष्ट पक्की कळली : वेळापत्रक इतकं बारीक लिहायचं की ते पाळायला दोघांना एकमेकांशी बोलावंच लागू नये. प्रेमाने राहणारे लोक मोघम बोलून निभावतात. आपलं तसं राहिलेलं नाही, म्हणून लिहायचं.

आधी मुलाचा आठवडा, मग आपला

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर चौदा दिवसांचे रकाने आखा. आपल्याला कुठले वार हवेत ते अजून लिहू नका. मूल काय करतं ते लिहा. किती वाजता उठतं, बस किती वाजता येते, डबा कोण भरतं, शिकवणी कधी, आजीकडे कधी जातं, रात्री कोणाच्या कुशीत झोपतं, ताप आला की कोणाला हाक मारतं. दोघांनी वेगवेगळं लिहायचं आणि मग कागद शेजारी ठेवायचे.

मी माझ्या कागदावर बुधवारी 'चित्रकला क्लास' लिहिलं होतं आणि त्याच जोरावर बुधवार मागत होतो. तो क्लास दीड महिन्यापूर्वीच गुरुवारी गेला होता. समुपदेशकांसमोर ते उघड झालं तेव्हा कोणी काही बोललं नाही, पण माझा आवाज त्यानंतर जरा खाली आला.

वयाचा विचारही याच कागदावर करा. दोन-तीन वर्षांच्या बाळाला दहा दिवसांनी दोन अख्खे दिवस देण्यापेक्षा आठवड्यातून तीनदा दोन-दोन तास बरे; त्याच्या लेखी दहा दिवस म्हणजे जन्म. रात्रीचा मुक्काम हळूहळू वाढवावा. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना वार ठरलेले आवडतात. चौदाच्या पुढे मुलाचं स्वतःचं वेळापत्रक असतं आणि त्यात आपल्या दोघांचाही नंबर बराच खाली असतो. त्याचा राग मानू नये.

कायद्याचं थोडक्यात

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली घटस्फोटाच्या दाव्यातच मुलांचा ताबा, देखभाल आणि शिक्षण यांबद्दल आदेश मागता येतो. दावा नसेल, तर 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली अर्ज करता येतो; तो मूल एरवी जिथे राहतं तिथल्या न्यायालयात होतो. विशेष विवाह कायद्याने लग्न झालं असेल तर तिथे कलम 38 आहे. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा 'सामान्यतः' आईकडे असावा असं म्हटलं आहे. या 'सामान्यतः'कडे दोन्ही बाजू दुर्लक्ष करतात. पाचवा वाढदिवस झाला की मूल आपोआप बापाकडे येतं, ही समजूत तर मी कितीतरी वेळा ऐकली. तसं काही नाही. शेवटी प्रत्येक ठिकाणी कसोटी एकच : मुलाचं हित. मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याचं म्हणणंही विचारात घेऊ शकतात.

परस्पर संमतीने घटस्फोट घेत असाल तर सगळ्यात मोठी संधी तिथेच आहे. एक वर्ष वेगळं राहिल्यावर अर्ज होतो, मग सहा महिन्यांची मुदत असते (2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती योग्य प्रकरणात माफही होते). सहमतीच्या अटींत जे लिहाल ते हुकूमनाम्याचा, म्हणजे कोर्टाच्या अंतिम आदेशाचा, भाग होतं. वकील त्यांच्याकडचा ठरलेला मसुदा आणतात. त्यात पोटगी आणि फ्लॅटवर चार पानं असतात आणि मुलावर चार ओळी. हे प्रमाण उलटं करायला सांगा. फॅमिली कोर्टातले विवाह समुपदेशक यात खरोखर मदत करतात. त्यांच्याकडे 'तारीख' म्हणून जाऊ नका, कागद घेऊन जा.

रात्री मोजा

'महिन्यातून दोनदा', 'शनिवार-रविवार' असल्या शब्दांत हिशेब लागत नाही. वर्षाच्या 365 रात्री धरा आणि मोजा.

कोर्टात सहसा ऐकू येतो तो नमुना म्हणजे दुसरा आणि चौथा शनिवार. शुक्रवारी संध्याकाळ ते रविवारी संध्याकाळ धरलं तर वर्षाचे 24 शनिवार, म्हणजे 48 रात्री. बँकेत नोकरी असेल तर हेच मागा, कारण त्या दोन शनिवारी बँका बंद असतात. पण पाचवा शनिवार कोणाचा, हे अटींत लिहून ठेवा. वर्षात चार-पाच महिने असे येतातच, आणि भांडण नेमकं त्याच महिन्यात होतं.

दुसरा नमुना 'एकआड एक' आठवडाअखेरीचा : शुक्रवारी शाळेतून न्यायचं आणि सोमवारी सकाळी शाळेतच सोडायचं. 26 वेळा तीन, म्हणजे 78 रात्री. त्यात दर बुधवारची रात्र घातली तर 130, म्हणजे वर्षाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोड्या जास्तच.

निम्मं-निम्मं हवं असेल तर मला सगळ्यात कमी त्रासाची वाटते ती रचना अशी : सोमवार-मंगळवारच्या रात्री कायम आईकडे, बुधवार-गुरुवारच्या कायम बाबांकडे, आणि शुक्रवार-शनिवार-रविवार आळीपाळीने. चौदा रात्रींत दोघांकडे सात-सात. मूल कोणापासूनही पाच दिवसांहून जास्त दूर राहत नाही, आणि मंगळवारचा क्लास कोण सांभाळणार याबद्दल गोंधळ नाही. 'एक आठवडा इथे, एक तिथे' हे मोठ्या मुलांसाठी, तेही दोन्ही घरं जवळ असतील तरच.

निम्म्याचा आग्रह मात्र सोडायला शिका. मीही धरला होता. बुधवारची रात्र मिळवली. बाणेर-पाषाण करत संध्याकाळच्या गर्दीत सव्वा तास गाडीत, पोर मागे झोपलेली, आठ वाजता तिला उठवून जेवू घालायचं आणि सकाळी पाचला पुन्हा उठवायचं, कारण शाळा सात-दहाची. तीन महिन्यांनी मीच ती रात्र सोडली. आता बुधवारी मी तिकडे जातो, दोघं डोसा खातो, तिचं गणित घेतो आणि साडेआठला तिला घरी सोडतो. रात्री 52 ने घटल्या. बुधवार मात्र पहिल्यांदाच बुधवारसारखा झाला. माझी कसोटी सोपी आहे : दुसऱ्या घरातून शाळेत पोचायला मुलाला पावणेसहाच्या आधी उठावं लागत असेल, तर शाळेच्या आदल्या रात्री तिथे मुक्काम ठेवू नये.

ठरलं की असं लिहा :

"दि. ___ च्या शुक्रवारपासून, दर एकआड शुक्रवारी वडील मुलीस शाळा सुटताना शाळेतून नेतील व सोमवारी सकाळी शाळेत सोडतील. शुक्रवारी शाळेस सुट्टी असल्यास सायंकाळी 6 वाजता आईच्या सोसायटीच्या मुख्य गेटवरून नेतील. सोमवारी सुट्टी असल्यास त्याच दिवशी सायंकाळी 6 वाजता त्याच गेटवर आणून सोडतील. उशीर होणार असल्यास निघण्यापूर्वी संदेश पाठवतील. 60 मिनिटांत न पोचल्यास ती रात्र रद्द होईल व वडील शनिवारी सकाळी 9 वाजता नेतील."

रुक्ष आहे खरं. पण यातल्या प्रत्येक वाक्याने आमचं एकेक भांडण मिटवलं आहे.

सण तिथीने लिहायचे

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. कारण आठवड्याच्या शेवटावरून आई-बाबा भांडतात, पण सणावरून आजी-आजोबा, मामा, आत्या सगळेच उतरतात.

तारखा लिहू नका. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती 14 सप्टेंबरला. 'ऑगस्टचा शेवटचा आठवडा वडिलांकडे' असं लिहिलेल्या एका जोडप्याला मी बाकावर भेटलो आहे. सणाचं नाव लिहा, सुरुवात आणि शेवट वेळेनिशी लिहा, आणि हेही लिहा की सणाचा नियम नेहमीच्या आठवड्याच्या नियमावर मात करेल.

सगळेच सण 'सम वर्षी आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे' असे फिरवायची गरज नाही. काही सण घराचे असतात. आमचे गौरी-गणपती गावी, रत्नागिरी जिल्ह्यात. तो गणपती काही एक वर्षाआड आम्ही पुण्याला आणणार नाही. तिच्या आईच्या माहेरी नवरात्राचं मोठं असतं. म्हणून चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत दरवर्षी माझ्याकडे. अष्टमी, नवमी, दसरा दरवर्षी आईकडे. एक फेरी, एक सही, सात वर्षांत वाद नाही. कोकणात जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं आणि गणपतीची तिकिटं पाहता पाहता संपतात. दोन्हीकडचा होकार 70 दिवस आधी हातात हवा.

दिवाळीचे दोन तुकडे पडतात. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळपासून लक्ष्मीपूजनाच्या रात्रीपर्यंत एक, पाडव्याच्या सकाळपासून भाऊबीजेच्या रात्रीपर्यंत दुसरा. हे मात्र वर्षाआड फिरवा. भाऊबीज दोघांनाही हवी असते, कारण आईला माहेरी भावाला ओवाळायचं असतं आणि बाबांकडे आत्या येते, तिची मुलं येतात. आम्ही तो एक दिवस दुपारी एक वाजता कापला. भावंडं असतील तर ती नेहमी एकत्रच न्यायची, सणाला तर नक्कीच. 'थोरला तुझ्याकडे, धाकटी माझ्याकडे' ही वाटणी भांड्यांची असते.

मे महिन्याची सुट्टी निम्मी करा; मूल लहान असेल तर पंधरा-पंधरा दिवसांचे तुकडे पाडा. शाळा उघडण्याआधीचे तीन दिवस शाळेजवळच्या घरी ठेवा, कारण वह्यांना कव्हरं घालणं, नवा गणवेश, बसची चौकशी ही कामं तेव्हाच निघतात. वाढदिवसाला ज्याच्याकडे मूल नसेल त्याला दोन तास. स्नेहसंमेलन, पालकसभा, बक्षीस समारंभ हे 'वेळेत' मोजायचे नाहीत. दोघांनी जायचं, हवं तर हॉलच्या दोन टोकांना बसायचं.

ने-आण

शाळा हे ने-आणीचं सगळ्यात उत्तम ठिकाण. एकाने सकाळी सोडायचं, दुसऱ्याने दुपारी न्यायचं. आई-बाबा समोरासमोर येतच नाहीत आणि मुलाला एकाला टाटा करून दुसऱ्याच्या गाडीत बसावं लागत नाही. शाळेला हुकमाची प्रत आणि न्यायला येणाऱ्यांची नावं लेखी द्या.

गेटवरच्या ने-आणीची एक संध्याकाळ अजून आठवते. मी सहाला पोचलो. तिची आई तिला घेऊन खाली आली. दप्तर माझ्या हातात देता देता शाळेच्या फीच्या पावतीचा विषय निघाला, मग मागच्या महिन्याचा, मग त्याच्या मागचा. आवाज वाढले. मधेच कर्र, कर्र असा आवाज येत होता. पाहिलं तर लेक वॉचमनच्या खुर्चीमागे उकिडवी बसून बुटाचं वेल्क्रो उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती. वॉचमन रस्त्याकडे बघत होता. त्या दिवसापासून गेटवर बोलायचे विषय दोनच : औषध आणि जेवण. बाकी सगळं लेखी, मूल शाळेत असताना.

पिशवी जितकी हलकी तितकं बरं. कपडे, टूथब्रश, चप्पल, कंपासपेटी दोन्ही घरी वेगवेगळी घ्या. कंपासपेटीचा खर्च 'कंपास बाबांकडे राहिला'च्या रडण्यापेक्षा नेहमीच स्वस्त. औषध चालू असेल तर डोस लिहिलेली चिठ्ठी बाटलीला रबराने लावून. एखादीच लाडकी वस्तू ये-जा करेल. आमच्याकडे ती आजीने शिवलेली गोधडी होती.

फोन, पैसा, कागदपत्रं

फोनची वेळ ठरवा. आमची पावणेआठची. 2020 मधल्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की ताबा नसलेल्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यायला हवं, शक्य तर व्हिडिओ कॉलवर. अटींत हे घालून घ्या. बोलताना स्पीकर लावू नये, मागे उभं राहू नये. आणि "तिकडे कोण आलं होतं?" हे विचारू नये. मूल म्हणजे बातमीदार नव्हे.

पोटगी थकली म्हणून भेट अडवायची नाही. भेट अडली म्हणून पोटगी थांबवायची नाही. दोन्हींसाठी वेगळे अर्ज आहेत. शाळा बदलणं, ऑपरेशन, शहर सोडणं यांना दोघांची लेखी संमती लागेल आणि अमुक दिवसांत उत्तर द्यावं लागेल, असं लिहा. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांचं निवेदन लागतं. एकाची संमती नसेल तर वेगळं निवेदन देऊन कारण सांगावं लागतं. पासपोर्ट कोणाच्या कपाटात राहील हे आधीच ठरवा. परदेशात स्थायिक झालेल्यांनी तर मुलाला घेऊन विमानात बसण्यापूर्वी तिथल्या कोर्टाचा आदेश किंवा दुसऱ्या पालकाची लेखी परवानगी जवळ ठेवावीच. मुलांना परस्पर दुसऱ्या देशात नेण्याबद्दलच्या 1980 च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे एकदा प्रकरण बिघडलं की दोन देशांत दोन दावे चालू राहतात.

मोडलं तर

मोडणार. ताप येतो, पाऊस कोसळतो, मामाचं लग्न निघतं. बुडालेली भेट 30 दिवसांत भरून द्यायची, हा एक नियम पुरे. एक वही ठेवा : तारीख, ठरलेली वेळ, झालेली वेळ, काय घडलं. विशेषणं नकोत. 'मुद्दाम' हा शब्द तर नकोच. कोर्टात अशी वही बोलते. चिडून पाठवलेले चाळीस संदेश उलट तुमच्याविरुद्ध बोलतात. क्रमही पाळा : आधी लेखी आठवण, मग समुपदेशक किंवा मध्यस्थ, मग अंमलबजावणीचा अर्ज. ताब्याचे आदेश कायमचे नसतात; कलम 26 खाली ते परिस्थितीनुसार बदलून मागता येतात.

मूल "मला नाही जायचं" म्हणालं, तर लगेच 'तिकडून शिकवलंय' असं ठरवू नका. माझ्या लेकीने आठव्या वर्षी तीन शनिवार नकार दिला. मी मनात तिच्या आईला बरंच काही बोलून घेतलं. कारण निघालं ते असं की शनिवारी सकाळी त्यांच्या सोसायटीत लगोरीचा ग्रुप जमायचा आणि ही गेली की तिची जागा दुसरीला मिळायची. महिन्यातल्या एका शनिवारी मी दुपारी न्यायला लागलो, प्रश्न संपला.

पण नकारामागे भीती असेल, अंगावर खुणा असतील, तर हा सगळा लेख बाजूला ठेवा. मारहाण, व्यसन, धमक्या असलेल्या घरात निम्म्याचा हिशेब लागू होत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात कलम 21 खाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि भेट मुलाला घातक वाटली तर ती नाकारू शकतात. देखरेखीखालची भेटही मागता येते. मुलांसाठी 1098, स्त्रियांसाठी 181 हे मदतीचे क्रमांक चोवीस तास चालू असतात.

दरवर्षी एकदा

दिवाळीच्या सुमारास पुढच्या वर्षाचं कालनिर्णय बाजारात येतं. आम्ही दोन प्रती घेतो, दोन रंगांच्या पेन्सिली घेतो आणि एका उडुप्याकडे तासभर बसून अख्खं वर्ष रंगवतो. एक प्रत तिकडच्या फ्रिजवर, एक इकडच्या. जूनमध्ये शाळेचं वेळापत्रक आलं की पुन्हा अर्धा तास बसतो.

यंदा जूनमध्ये लेकही आली होती. तिचं म्हणणं एकच होतं : परीक्षेच्या आधीच्या रविवारी तिला सोमवार सकाळऐवजी रविवारी दुपारी चारलाच आईकडे सोडायचं, कारण तिचं टेबल तिकडे आहे. ते एका ओळीत लिहिलं, दोघांनी सह्या केल्या, तिने फोटो काढून तिघांच्या ग्रुपवर टाकला आणि दुसरी कॉफी मागवली.